पाया कोणत्या नकाशावर भरला?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नागपुरात बर्डीला लागून, झाशी राणी चौकापासून चालत दहा मिनिटांवर तुम्ही अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. करार झाला तेव्हा इमारत २ तळघरं, तळमजला आणि वर १४ मजले अशी होती. आता पार्किंग पोडियमचा तिसरा स्लॅब पडलाय आणि बिल्डरचं पत्र आलंय: एकच तळघर, ३ मजली पोडियम आणि त्यावर १८ मजले. सोबतच्या संमतीपत्रावर १५ दिवसांत सही मागितली आहे. बांधकाम आणि डिझाइनमधले बदल आपल्यासारख्यांनी समजून कसे घ्यायचे, नजर कशावर ठेवायची आणि सही करायची का, हे तुम्ही विचारलंय.

सहीचं आधी सांगतो. आज करू नका. नकारही कळवू नका. आधी कागद मागा. कोणते आणि का, ते पुढे येईल.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. सत्तावीस वर्षं याच शहरात कॉलम-बीमचे हिशेब करतोय. तुमचं वाचून मजल्यांच्या आकड्यापेक्षा मला वेळ जास्त खटकली. तिसरा स्लॅब पडला म्हणजे पाया भरून बरेच महिने झाले. दुसरं तळघर नको, हा निर्णय पोकलेन थांबवला त्याच दिवशी झालेला आहे. संमती मात्र आता मागताहेत. म्हणून तुमचा पहिला प्रश्न हाच असू द्या: पाया कोणत्या नकाशावर भरला? जुन्या नकाशात जमिनीच्या वर १५ स्लॅब होते, नव्यात २१ आहेत. पाया जुन्या नकाशाचा असेल, तर सहा स्लॅबचं जादा वजन तो कसा पेलणार याचा हिशेब दाखवायला हवा. पाया नव्या नकाशाचा असेल, तर त्या नकाशाला मंजुरी कोणत्या तारखेला मिळाली आणि तेव्हा तुम्हाला का विचारलं नाही, हे सांगायला हवं. उत्तर कोणतंही असो, लेखी घ्या.

इथे नागपूरच्या जमिनीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमच्या इमारतीची खरी गोष्ट तिथेच आहे. शहराच्या पश्चिमेकडे काळा दगड आहे, दख्खनच्या ज्वालामुखीचा बेसॉल्ट. पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुने, वेगळ्या जातीचे खडक लागतात. बर्डीची टेकडी या सरहद्दीवर बसली आहे. खोदताना काळा दगड लागला की साइटवर सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो, आता पायाची चिंता नाही म्हणून. पण हा लाव्हा एका दमात आलेला नाही. एक थर आला, थंड झाला, मधल्या काळात त्यावर माती साचली, तळी झाली, मग पुढचा थर त्यावर पसरला. इथल्या टाकळीला मिशनरी हिस्लॉप साहेबांना एकोणिसाव्या शतकात जे जीवाश्म सापडले, ते अशाच दोन थरांमधल्या गाळात. हा मधला थर कुठे गेरूसारखा लाल असतो, कुठे हिरवट, आणि पाणी लागलं की बोटाने खरवडता येतो. म्हणजे पाच मीटरवर लागलेला दगड दोन-अडीच मीटर जाडीचाही असू शकतो आणि त्याच्या खाली मऊ पट्टा असू शकतो.

आता तुमच्या इमारतीकडे या. दोन तळघरं असती तर पाया साधारण साडेतीन मीटर आणखी खाली गेला असता, कदाचित मऊ पट्टा ओलांडून खालच्या दगडावर. एक तळघर गाळलं की पायाची पातळी तेवढीच वर येते आणि इमारत वेगळ्या थरावर बसते. यात धोका असतोच असं नाही. मऊ पट्टा पुरेसा खोल असेल किंवा प्रत्येक कॉलमखाली सुटा पाया (फुटिंग) न देता सगळ्या इमारतीखाली सलग काँक्रीटचा थर (राफ्ट) घातला असेल, तर काम पक्कं होतं. पण जुन्या माती-परीक्षणातली शिफारस जुन्या पातळीची होती. नव्या पातळीसाठी ती पुन्हा तपासून लिहून घ्यावी लागते, आणि घाईत राहून जाते ती नेमकी हीच गोष्ट.

कोअर बॉक्स म्हणून एक चीज असते. बोअर मारताना निघालेले दगडाचे दंडगोल लाकडी खोक्यात ओळीने मांडतात आणि कडेला खोली लिहितात. चांगला दगड वीत-वीतभर लांबीचे तुकडे देतो. खराब दगडाच्या चकत्या आणि चुरा होतो, आणि मऊ पट्ट्याच्या जागी तर बहुतेक वेळा खोक्यात रिकामी जागाच दिसते, कारण तो भाग पाण्याबरोबर वाहून गेलेला असतो. १० सेंटिमीटरपेक्षा लांब तुकड्यांची एकूण लांबी मोजून आम्ही दगडाची प्रत टक्क्यांत काढतो. त्या खोक्याचे फोटो अहवालात लावलेले असतात. ते पान मागा. पायाच्या पातळीच्या खाली बोअर किती मीटर गेला, खोक्यात रिकामी जागा कुठे आहे, हे तुम्हालाही दिसेल. त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही.

तळघर गाळण्यामागे प्रामाणिक कारणं असू शकतात, हेही सांगायला हवं. बेसॉल्ट ब्रेकरने फोडणं म्हणजे महिनोन्‌महिने आवाज आणि डिझेल. रामदासपेठ-धंतोली दवाखान्यांनी भरलेली आहे, तिथे सुरुंग कोण लावणार? शिवाय २३ सप्टेंबर २०२३ ची रात्र आपण कुणीच विसरलेलो नाही. अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी फुगली, मोरभवनातल्या बस पाण्यात उभ्या राहिल्या आणि बर्डीच्या आसपासच्या कितीतरी तळघरांत पाणी शिरलं. त्यानंतर मी स्वतः दोन ठिकाणी खालचं तळघर रद्द करायला सुचवलं. त्यामुळे पोडियम पार्किंग हा बदल मी चांगल्याच्या बाजूला मांडतो. फक्त उरलेल्या तळघराच्या उताराचा माथा रस्त्यापेक्षा किती वर आहे, ते नकाशात बघा. रस्त्याच्या पातळीला असेल तर पाणी सरळ आत येईल.

मजले का वाढले, यातही नवल नाही. मेट्रो मार्गाच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरच्या पट्ट्यात, रस्ता आणि प्लॉट पुरेसा असेल तर, ४ पर्यंत चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येईल तो आकडा) मिळू शकतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियमावली आली तेव्हापासून अधिमूल्य भरून आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचे बांधकाम हक्क) घेऊन मिळणारं क्षेत्रही वाढलं. प्रकल्प सुरू झाल्यावर हे क्षेत्र विकत घेऊन वर चढवायचं, हे शहराच्या मध्यभागी सर्रास चालतं आणि नियमात बसतंही. प्रश्न असतो तो खालचं बांधकाम त्यासाठी आधीपासून तयार होतं का, एवढाच.

तयार नसलं की काय होतं, ते मी जवळून पाहिलंय. पंधराएक वर्षांपूर्वी एका साइटवर सात स्लॅब झाल्यावर मालकांनी आणखी मजले मंजूर करून आणले आणि मला तपासायला बोलावलं. पाया दगडावर होता, तो पुरत होता. कॉलम पुरत नव्हते. तळघरातले ३०० बाय ७५० मिलिमीटरचे कॉलम चारही बाजूंनी १०० मिलिमीटरचं काँक्रीट चढवून ५०० बाय ९५० करावे लागले. जुना कॉलम टाचायचा, भोकं पाडून केमिकलने सळ्या बसवायच्या, रिंगा बांधायच्या, मग अरुंद साच्यात काँक्रीट ओतायचं. काम नीट झालं, इमारत आजही ठणठणीत उभी आहे. पण दोन कॉलमांच्या मधे दोन गाड्यांसाठी मोजून ५ मीटर जागा ठेवलेली होती, ती ४.८ झाली. तिथे गाडी लावणाऱ्या एका आजोबांना दार पूर्ण उघडता येईना. कुबडी घेऊन ते कडेकडेने बाहेर यायचे. पार्किंगचे पैसे त्यांनी पूर्ण भरलेले होते. मंजूर नकाशात ती जागा शेवटपर्यंत ५ मीटरच दिसत राहिली. तेव्हापासून कुणीही विचारलं तरी मी सांगतो: मजले वाढले की तळघरात जाऊन टेप लावा.

उंचीचा आणखी एक परिणाम आहे. तुमची जुनी इमारत साधारण ४५-४६ मीटर होती, नवी ६० च्या वर जाईल. ५० मीटरच्या वरच्या काँक्रीट इमारतींना भारतीय मानक १६७०० लागू होतं. ते २०१७ मध्ये आलं. एवढ्या उंचीवर खरा विरोधक असतो वारा. नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात. वाऱ्याने इमारतीचं वरचं टोक तिच्या उंचीच्या ५०० व्या भागापेक्षा जास्त सरकू नये, असा नियम आहे. ६५ मीटरच्या इमारतीसाठी हे १३० मिलिमीटर होतात. हे सांभाळतात लिफ्ट आणि जिन्याभोवतीच्या काँक्रीटच्या भिंती. १४ मजल्यांसाठी आखलेल्या भिंती १८ मजले आणि पोडियमला तशाच ठेवल्या असतील, तर मी तरी सही करणार नाही. बिल्डरच्या स्ट्रक्चरल सल्लागाराकडून एका पानाचं पत्र मागा: सुधारित उंचीसाठी ५० मीटरवरचं मानक धरून वारा आणि भूकंपाचा हिशेब पुन्हा केला का, आणि पाया, तळघर व पोडियमचे कॉलम त्यात तपासले का. ज्याने काम केलंय तो असं पत्र त्याच दिवशी देतो.

उंची वाढली की विमानतळ प्राधिकरणाचं ना-हरकत पत्र आणि अग्निशमन विभागाची मंजुरी, दोन्ही नव्या उंचीची लागतात. विमानतळाच्या पत्रात उंची समुद्रसपाटीपासून लिहिलेली असते, त्यामुळे ३००-४०० च्या घरातला आकडा पाहून गोंधळू नका. आपलं शहरच सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे.

आता कायदा. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याचं कलम १४ तुमच्यासाठीच आहे. तुमच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये बदल करायचा तर तुमची आधी घेतलेली संमती लागते. इमारतीच्या मंजूर आराखड्यात किंवा सामाईक जागेत बदल करायचा तर बिल्डर सोडून उरलेल्या खरेदीदारांपैकी किमान दोन तृतीयांश जणांची आधी घेतलेली लेखी संमती लागते. एकाने किंवा एका कुटुंबाने पाच फ्लॅट घेतले असतील तरी त्यांचं मत एकच धरतात. ‘किरकोळ बदल’ या नावाखाली उंची वाढवता येत नाही. किरकोळमध्ये काय बसत नाही हे त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय आणि त्यात उंची, क्षेत्रफळ, कॉलम, बीम सगळं आहे. कराराच्या मागच्या पानांत ‘पुढील सर्व बदलांना खरेदीदाराची संमती आहे’ असं एखादं वाक्य असेल. त्याने घाबरू नका. मुंबई उच्च न्यायालयाने जुन्या मोफा (महाराष्ट्राचा फ्लॅट मालकी) कायद्याखाली २०१० मध्येच सांगितलंय की अशी सरसकट संमती चालत नाही, नेमका बदल दाखवून घेतलेली संमती हवी.

एक गोष्ट मात्र तपासा. महारेरा, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर मंजूर मजले आणि प्रस्तावित मजले वेगवेगळे दाखवतात. तुम्ही बुकिंग केलं तेव्हाच १८ मजले प्रस्तावित म्हणून दाखवलेले असतील, तर ‘आम्ही आधीच सांगितलं होतं’ असं बिल्डर म्हणेल आणि त्यात काही वजन असेल. नसतील तर तुमची बाजू भक्कम आहे. आपल्या जिल्ह्यातल्या बऱ्याच प्रकल्पांचा नोंदणी क्रमांक पी५०५ ने सुरू होतो आणि ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही असतो. त्या पानावर दर तीन महिन्यांनी कामाची माहिती भरावी लागते. आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए यांचे दाखले तिथेच चढतात. आजच सगळं डाउनलोड करून ठेवा.

मंजूर नकाशा मिळवा, तोही जुना आणि नवा दोन्ही. कलम १९ प्रमाणे तो मागायचा तुम्हाला हक्क आहे. बिल्डरने टाळाटाळ केली तर १० रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज करा. त्याआधी शिक्का कुणाचा ते बघा, महापालिकेचा की नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यास). नागपुरात हा घोळ नेहमीचा आहे आणि चुकीच्या दारात गेलेल्या अर्जाने महिना वाया जातो.

नकाशा हातात आला की आधी उजवीकडचा खालचा कोपरा वाचा. तिथे एक चौकट असते. तारीख, नकाशाचा क्रमांक आणि त्यापुढे आर०, आर१, आर२ असं लिहिलेलं असतं. ही सुधारणांची मोजणी. प्रत्येक सुधारणेत काय बदललं, हे एका ओळीत तिथेच नोंदवतात आणि चित्रात बदललेल्या जागेभोवती ढगासारखी नागमोडी रेघ काढून बाजूला त्रिकोणात आकडा टाकतात. मंजूर नकाशात हे नेहमी असतंच असं नाही, पण साइटवरच्या कामाच्या नकाशात हमखास असतं. साइटला गेलात की सुपरवायझरच्या टेबलावरच्या नकाशाचा हा कोपरा बघा. ऑफिसात आर४ आणि साइटवर आर२, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता पहिल्या भेटीत दुसरं काही बघायच्या आधी तेवढंच बघतो.

मग दोन्ही नकाशे एकावर एक ठेवा. खिडकीच्या काचेला लावले तरी चालतं, किंवा चार-पाच खरेदीदारांनी मिळून एखाद्या आर्किटेक्टला एक दिवस द्या. कॉलम सरकलेत का, लिफ्ट तेवढ्याच आहेत का आणि कुटुंबं किती वाढली, जिना अरुंद झाला का, तुमच्या स्वयंपाकघराच्या बाहेर डक्ट कुठे गेला. हे सगळं तिथे दिसतं. आडव्या छेदाच्या नकाशापेक्षा उभ्या छेदाचा नकाशा जास्त बोलतो. प्रत्येक मजल्यासमोर त्याची पातळी मीटरमध्ये लिहिलेली असते. तुमचा ‘अकरावा मजला’ आता कुठून मोजताहेत? पोडियम धरून अकरावा म्हणजे राहण्याचा आठवा. पोडियम सोडून अकरावा म्हणजे तुम्ही पूर्वीपेक्षा वर गेलात. करारात नुसता मजल्याचा आकडा असेल, तर पत्रात मीटरमधली पातळी आणि फ्लॅट क्रमांक दोन्ही लिहून मागा. चटईक्षेत्रही पुन्हा मोजून घ्या. आदर्श करारात ३ टक्क्यांपर्यंतच्या फरकाची मुभा आहे, त्यापलीकडे क्षेत्र कमी भरलं तर पैसे व्याजासह परत मिळतात.

काम बघायचं म्हणाल तर एकच सवय लावा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एकाच जागेवरून फोटो काढा. तुमच्याकडे अॅक्वा लाइन आहे. झाशी राणी चौक स्टेशनात शिरताना मेट्रोतून जे दिसतं ते रस्त्यावरून दिसत नाही. फोटोवरून स्लॅबच्या तारखा वहीत लिहा. स्लॅब खूप झपाझप पडायला लागले तर खालचे टेकू कधी काढताहेत ते बघा. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (स्लॅबच्या दोन आधारांमधल्या अंतराला) ७ दिवस, त्यापेक्षा मोठ्या गाळ्याला १४ दिवस टेकू हवेत. आणि उन्हाळा. ४० अंशांच्या वर काँक्रीट ओतणं हे वेगळ्या नियमांचं काम आहे. नवतपात, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या त्या नऊ दिवसांत, भरदुपारी स्लॅब ओतताना दिसला तर तारखेसह फोटो काढा आणि इंजिनिअरला विचारा. चांगले लोक तो रात्री ओततात आणि वर ओली पोती टाकून किमान १० दिवस तराई करतात, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवतात. कोरडी, पांढुरकी पडलेली स्लॅबची कड मला रस्त्यावरूनही बेचैन करते.

हप्त्यांचंही बघा. आदर्श करारात प्लिंथ (जोतं) पूर्ण होईपर्यंत ४५ टक्के आणि सगळे स्लॅब होईपर्यंत ७० टक्के अशी मर्यादा आहे. स्लॅब वाढले की तो ७० टक्क्यांचा टप्पा कुठे येतो, हे पत्रात स्पष्ट करून घ्या. ताब्याची तारीखही. महारेराकडे बिल्डरने मुदत वाढवून घेतली तरी उशिराच्या व्याजासाठी तुमच्या करारातली तारीखच धरली जाते. संमतीपत्रात मात्र नवी तारीख एखाद्या ओळीत घातलेली असू शकते. तिच्यावर सही केलीत की जुन्या तारखेचा हक्क तुम्ही स्वतःहून सोडलात, म्हणून ते पान दोनदा वाचा.

आता पंधरा दिवसांचं. कायद्यात अशी मुदत कुठेही नाही आणि गप्प राहणं म्हणजे संमती असंही नाही. तरी उत्तर द्या. लिहा की विचार करायला तयार आहोत, त्यासाठी हे द्या: जुना आणि सुधारित मंजूर नकाशा, पायाच्या सध्याच्या पातळीसाठीचा माती-परीक्षण अहवाल कोअर बॉक्सच्या फोटोंसह, स्ट्रक्चरल सल्लागाराचं पत्र, विमानतळ आणि अग्निशमनच्या नव्या मंजुऱ्या, तुमच्या पार्किंगची जागा कॉलमच्या मापांसह, आणि फ्लॅटची पातळी व चटईक्षेत्र. कागद नीट असतील आणि करारातली ताब्याची तारीख कायम ठेवत असतील, तर मी तुमच्या जागी सही करीन. तुमच्या पत्रावरून इमारत वाईट वाटत नाही. कागद आले नाहीत तर बाकीच्या खरेदीदारांना घेऊन महारेराच्या सलोखा मंचाकडे जा. एकट्याने गेलात तर बोलणं तुमच्या फ्लॅटपुरतंच राहतं, आणि पाया तर सगळ्यांचा एकच आहे. पत्र ईमेलनेही पाठवा आणि नोंदणीकृत टपालानेही. पोचपावती कराराच्या फाइलमध्ये लावून ठेवा.